युद्धाची कारणे कशी तपासावीत

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहून बाहेर पडणाऱ्याला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा येथे कसा आला, हे बहुधा एका वाक्यात सांगितले जाते: इंग्रजांनी युद्धात त्याचे राज्य घेतले आणि त्याला येथे स्थानबद्ध केले. त्यात चूक काही नाही. १८८६ साली थिबा राजाला रत्नागिरीत आणले गेले, १९१० मध्ये हा राजवाडा बांधून पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजाचे याच गावात निधन झाले. पण ते युद्ध मुळात का झाले, त्या वेळी कोणती कारणे सांगितली गेली आणि त्यांतली किती टिकतात, हा प्रश्न त्या वाक्यात कुठेच येत नाही. तो प्रश्न शिस्तीने कसा विचारावा, यासाठी हे मार्गदर्शन आहे. वाचनालयांतील अभ्यासमंडळे, इतिहासाचे शिक्षक आणि वर्तमानपत्रातील युद्धाची बातमी वाचून अस्वस्थ होणारा कोणताही वाचक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे.

कोकणच्या वाचकाला या विषयाची निकड वेगळी सांगावी लागत नाही. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, खेड, राजापूर या तालुक्यांतील कितीतरी घरे आखाती देशांतील नोकऱ्यांवर उभी आहेत. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना, बहुतेकांना जॉर्डनमधील अम्मानमार्गे, विमानांनी मुंबईला आणावे लागले. दूरच्या राजधानीत घेतलेला युद्धाचा निर्णय आपल्या घराच्या पडवीपर्यंत पोहोचतो, याचा अनुभव या किनाऱ्याला आहे. म्हणून पुढील विवेचनात दोन उदाहरणे वापरली आहेत: १८८५ चे तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध आणि २००३ चे इराक युद्ध. पहिल्याची खूण आपल्या जिल्ह्यात आहे. दुसऱ्याची कागदपत्रे इतक्या विपुल प्रमाणात खुली झाली आहेत की, तपासणीची पद्धत शिकण्यासाठी त्याच्याइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

आधी प्रश्न वेगळे करावेत

युद्धाविषयीची बहुतेक भांडणे निष्फळ ठरतात, कारण बोलणारे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांना देत असतात. शत्रुपक्षाचा राज्यकर्ता क्रूर होता काय, युद्धाचा परिणाम चांगला झाला काय, सैनिक शौर्याने लढले काय, हे तीनही महत्त्वाचे प्रश्न आहेत, परंतु युद्धात उतरण्यासाठी दिलेली कारणे खरी होती काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकातूनही मिळत नाही. सद्दाम हुसेनच्या राजवटीने मार्च १९८८ मध्ये हलाब्जा येथे कुर्द नागरिकांवर रासायनिक अस्त्रे टाकली, हे निर्विवाद आहे. थिबा राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी, १८७९ मध्ये, मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातील अनेकांची हत्या झाली, हेही निर्विवाद आहे. या गोष्टी तपासणीसाठी केलेल्या वहीत पहिल्याच पानावर प्रामाणिकपणे लिहून ठेवाव्यात. ज्याला त्या लिहिताना संकोच वाटतो, त्याची तपासणी पुढे एकतर्फी होण्याचा धोका असतो.

त्यानंतर मात्र केवळ तीन प्रश्नांवर लक्ष ठेवावे. दिलेले कारण त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार खरे होते काय? निर्णय त्या कारणामुळे झाला, की निर्णय आधी झाला आणि कारण नंतर शोधले गेले? आणि निर्णय घेण्याचा अधिकार ज्यांना होता, त्यांच्यासमोर पूर्ण माहिती ठेवली गेली काय? यांतला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण खोटे ठरले तरी ते प्रामाणिक चुकीमुळे ठरलेले असू शकते, परंतु निर्णय आणि कारण यांचा क्रम उलटा निघाला, तर त्याचे स्पष्टीकरण चूक म्हणून देता येत नाही.

तारखांची वही

क्रम शोधण्यासाठी तारखांखेरीज दुसरे साधन नाही. वहीच्या पानावर दोन रकाने पाडावेत. डाव्या रकान्यात निर्णयाकडे नेणाऱ्या कृती लिहाव्यात, म्हणजे सैन्याच्या हालचाली, निर्वाणीचे खलिते, मंत्रिमंडळाचे ठराव, मित्रराष्ट्रांना दिलेली आश्वासने. उजव्या रकान्यात लोकांना सांगितलेली कारणे, ती प्रथम कधी सांगितली गेली त्या तारखेसह लिहावीत. मत कोठेही लिहू नये. ब्रह्मदेशाचे पान असे भरते.

१८७९ मध्ये राजवाड्यातील हत्याकांड झाले आणि त्याच वर्षी इंग्रजांनी मंडालेतील आपला वकील (म्हणजे राजदूत) परत बोलावला, पण युद्ध केले नाही. त्या वेळी त्यांचे सैन्य अफगाणिस्तानात गुंतलेले होते. १८८४ मध्ये रंगूनच्या व्यापाऱ्यांनी जाहीर सभा घेऊन उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याची मागणी केली. जानेवारी १८८५ मध्ये फ्रान्स आणि ब्रह्मदेश यांच्यात व्यापारी करार झाला आणि शस्त्रपुरवठ्याच्या शक्यतेवरून इंग्रज अधिकारी अस्वस्थ झाले. मार्चच्या अखेरीस तोंकिनमधील (आजच्या उत्तर व्हिएतनाममधील) पराभवामुळे फ्रान्समधील फेरी यांचे मंत्रिमंडळ कोसळले, म्हणजे पूर्वेकडे पाय पसरण्याचा ज्याचा आग्रह होता, तो पंतप्रधानच सत्तेवरून गेला. ऑगस्टमध्ये ब्रह्मी दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सागवानाच्या कंपनीवर, ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक ओंडके पुरते शुल्क न भरता नेल्याचा आरोप ठेवून सुमारे २३ लाख रुपयांचा दंड बसवला. कंपनीने आरोप नाकारला. इंग्रजांनी लवादाची मागणी केली आणि दरबाराने ती फेटाळली. ही शेवटची नोंद इंग्रजांच्या बाजूची आहे आणि म्हणूनच ती गाळू नये.

२२ ऑक्टोबर १८८५ रोजी निर्वाणीचा खलिता गेला आणि उत्तरासाठी १० नोव्हेंबरपर्यंतची मुदत दिली गेली. १४ नोव्हेंबरला सैन्याने सरहद्द ओलांडली, २८ तारखेला ते मंडालेत पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी राजा कैद झाला. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश इंग्रजी राज्यात सामील केल्याची घोषणा झाली.

एवढे लिहून झाले की पानाकडे शांतपणे पाहावे. दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली कारणाच्या वयाविषयी आहे. राजाची क्रूरता हे कारण १८८५ मध्ये मोठ्या आवाजात सांगितले गेले, परंतु ती घटना सहा वर्षे जुनी होती आणि घडली तेव्हा तिच्यासाठी युद्ध करावेसे कोणाला वाटले नव्हते. एखादे जुने कारण अचानक वर काढले जाते, तेव्हा मधल्या काळात नेमके काय बदलले, ते शोधावे. येथे बदल दरबाराच्या क्रौर्यात झालेला नव्हता, तो फ्रान्सविषयीच्या भीतीत आणि सागवानाच्या हिशेबात झाला होता.

दुसरी गोष्ट खलित्यातील अटींची आहे. भांडण दंडाचे होते, त्यामुळे अट दंडाच्या वसुलीला स्थगिती आणि वकिलाशी बोलणी एवढ्यापुरती असती, तर ती कारणाला धरून झाली असती. परंतु खलित्यात याखेरीज अशीही अट होती की, यापुढे ब्रह्मदेशाचे परराष्ट्र संबंध हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने चालावेत. कोणताही सार्वभौम राजा ही अट मान्य करील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. अटी कारणापेक्षा मोठ्या असतील आणि मुदत तीन आठवड्यांहूनही कमी असेल, तर खलिता उत्तर मिळवण्यासाठी पाठवला होता की नकार मिळवण्यासाठी, हा प्रश्न वहीत ठळक अक्षरांत लिहावा. ही कसोटी जवळजवळ प्रत्येक युद्धाला लावता येते आणि ती लावण्यासाठी गुप्त कागदपत्रांची गरज पडत नाही, खलित्याचा मजकूर पुरतो.

प्रत्येक कारणाचा माग

वादग्रस्त युद्धाला सहसा एकच कारण दिले जात नाही, अनेक कारणे एकत्र बांधून मांडली जातात, आणि ऐकणाऱ्याच्या मनावर त्यांच्या एकत्रित वजनाचा परिणाम होतो. तपासणाऱ्याने ती मोळी सोडावी आणि एकेक काठी वेगळी हाताळावी. इराकच्या बाबतीत हे काम फार बोलके ठरते.

अणुबॉम्बच्या कारणापासून सुरुवात करावी. इराक अणुकार्यक्रम पुन्हा उभारत आहे, या विधानाला दोन मोठे आधार होते. पहिला आधार ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा होता. ८१ मिलिमीटर व्यासाच्या या नळ्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी आहेत, असे सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेचे म्हणणे होते. परंतु ज्या अमेरिकन ऊर्जा खात्याकडे अशा यंत्रांचे खरे तज्ज्ञ होते, त्या खात्याचे मत वेगळे होते: या नळ्या त्या कामासाठी योग्य नाहीत आणि साध्या तोफखाना-रॉकेटांसाठी असण्याची शक्यता अधिक आहे. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागानेही असहमती नोंदवली होती. ऑक्टोबर २००२ च्या गोपनीय राष्ट्रीय गुप्तवार्ता अहवालात ही असहमती छापलेली आहे. त्याच सुमारास जनतेसाठी प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत मात्र अशा अनेक मर्यादा आणि शंकादर्शक शब्द गळालेले होते, असे सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने २००४ मध्ये नोंदवले.

यातून एक उपयुक्त सवय लागते. कोणताही दावा हाती आला की तो देणाऱ्यापाशी थांबू नये, त्या विषयातील प्रत्यक्ष जाणकार कोण होते आणि ते काय म्हणत होते, ते शोधावे. बंदरातील गाळाविषयी मच्छीमार आणि बंदर अभियंता यांचे मत घेतल्याशिवाय आपण निष्कर्ष काढत नाही, तोच नियम येथेही लागू करावा. त्याचबरोबर गोपनीय मजकूर आणि जाहीर मजकूर दोन्ही खुले झालेले असतील, तर ते शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावेत आणि ‘बहुधा’, ‘आमच्या अंदाजाने’ असे शब्द कोठे नाहीसे झाले, तेथे खूण करावी.

दुसरा आधार नायजरमधील युरेनियमचा होता. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ब्रिटिश सरकारचा हवाला देऊन सांगितले की, इराकने आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केला. या कथेमागे असलेली कागदपत्रे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हाती आली तेव्हा ती बनावट असल्याचे लवकरच उघड झाले, आणि संस्थेचे प्रमुख एल्बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी, म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी, सुरक्षा परिषदेत तसे सांगितले. नळ्यांविषयीही त्यांनी त्याच दिवशी प्रतिकूल मत दिले. येथे तारीख महत्त्वाची आहे. हे सत्य युद्धानंतर कळले असते, तर निर्णय घेणाऱ्यांना अज्ञानाचा आधार घेता आला असता. ते आधी आणि जाहीरपणे सांगितले गेले होते.

जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांचा दावा परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत चित्रांसह मांडला. त्याचा मुख्य आधार ‘कर्व्हबॉल’ या सांकेतिक नावाचा एक इराकी निर्वासित होता. तो जर्मन गुप्तचर खात्याच्या हाताखाली होता आणि सीआयएने युद्धापूर्वी त्याची स्वतः चौकशी केलेली नव्हती. आपण ती माहिती रचून सांगितली होती, हे त्याने २०११ मध्ये जाहीरपणे मान्य केले. म्हणून प्रत्येक दाव्यासमोर लिहावे: साक्षीदार किती, एक की अनेक? दावा मांडणाऱ्याने साक्षीदाराला पाहिले आहे काय? चार संस्था एकच गोष्ट सांगत असतील, तर त्या चौघींचा उगम एकाच माणसापाशी तर नाही ना?

ब्रिटिश सरकारच्या २४ सप्टेंबर २००२ च्या पुस्तिकेत इराक आदेश मिळताच ४५ मिनिटांत काही अस्त्रे वापरासाठी सज्ज करू शकतो, असे म्हटले होते. मूळ माहिती रणांगणावरील जवळच्या पल्ल्याच्या शस्त्रांविषयी होती, परंतु वाचणाऱ्याला ती दूरवरच्या हल्ल्याविषयी वाटावी, अशीच ती पसरली. या गुप्तवार्तेची तपासणी करणाऱ्या ब्रिटनमधील बटलर समितीने २००४ मध्ये सांगितले की, ती माहिती कशाला उद्देशून आहे हे स्पष्ट केल्याशिवाय ती पुस्तिकेत घालायला नको होती. अल् कायदाशी संबंधाच्या दाव्याबाबत थोडक्यात सांगायचे तर, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाला प्रत्यक्ष सहकार्याचा पुरावा मिळाला नाही.

या सर्व नोंदींबरोबर दुसऱ्या बाजूचीही एक नोंद आवश्यक आहे. इराकने १९९० च्या दशकात तपासनिसांपासून बऱ्याच गोष्टी लपवल्या होत्या आणि युद्धाला विरोध करणाऱ्या फ्रान्स व जर्मनीच्या गुप्तचर खात्यांनाही काही अस्त्रे शिल्लक असावीत, असे वाटत होते. तेव्हा संशय निराधार नव्हता. परंतु संशय खरा की खोटा, हे ठरवण्याचे साधन नेमके त्याच वेळी कामाला लागले होते. संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस २७ नोव्हेंबर २००२ पासून इराकमध्ये होते, त्यांनी सुमारे ७०० तपासण्या केल्या होत्या, आणि त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्चला सांगितले होते की, उरलेल्या कामाला वर्षे नव्हेत आणि आठवडेही नव्हेत, तर काही महिने लागतील. ते महिने दिले गेले नाहीत. युद्धानंतर अमेरिकेनेच नेमलेल्या शोधपथकाच्या २००४ च्या अहवालात अस्त्रांचे साठे नसल्याचे नमूद झाले. संशयाचे निरसन करण्याचा मार्ग खुला असताना तो बंद करून युद्ध सुरू होते, त्या प्रसंगी केवळ ‘आमची माहिती चुकली’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, आणि ते वाचकालाही पुरेसे वाटू नये, अशी माझी तळमळ आहे.

कारण बदलले काय

युद्ध सुरू झाल्यावर मुख्य कारण बदलते काय, हे पाहण्यासाठी वहीत तिसरा छोटा रकाना ठेवावा. इराकमध्ये अस्त्रे सापडत नाहीत असे दिसू लागल्यावर लोकशाही आणि मुक्ती ही कारणे पुढच्या ओळीत आली. ती आधी अजिबात सांगितली गेली नव्हती असे नाही, परंतु ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने आणि १८ मार्च २००३ रोजी ब्रिटिश संसदेने जी मते दिली, त्यांच्या केंद्रस्थानी अस्त्रांचा धोका होता. ज्या कारणावर संमती घेतली गेली, त्याच कारणावर निर्णयाचा हिशेब मागावा.

फायदा कोणाचा झाला, या प्रश्नाची मर्यादा

अभ्यासमंडळात हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत आधी दिलेही जाते: इराकमध्ये तेल, ब्रह्मदेशात सागवान. येथे सावध राहावे. युद्धातून कोणाचा तरी फायदा होतोच. तेवढ्यावरून त्याच्यासाठीच युद्ध झाले, असे म्हणणे हा माग आहे, पुरावा नव्हे. पुरावा होण्यासाठी फायदा होणारा पक्ष निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचला होता, त्याने काही मागितले होते आणि निर्णयात त्या मागणीचे प्रतिबिंब पडले, अशी साखळी कागदावर दाखवता आली पाहिजे. ब्रह्मदेशाच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी दाखवता येते, कारण रंगूनच्या व्यापाऱ्यांची मागणी जाहीर होती आणि कंपनीचे प्रकरण खलित्यातच लिहिलेले होते. तरीही फ्रान्सच्या शिरकावाची भीती वगळून केवळ सागवानावर सारा भार टाकला, तर चित्र अपुरेच राहते. आपल्याला आवडणारे उत्तर हाती आले की तपासणी थांबवण्याचा मोह होतो, आणि नेमक्या त्याच जागी अधिक कठोर व्हावे.

कोणाला विचारले गेले

युद्धाचा खर्च आणि युद्धातील मृत्यू ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांना विचारले गेले काय, याची नोंद स्वतंत्र पानावर करावी. ब्रह्मदेशाच्या युद्धाचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून झाला. १८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, आक्रमण परतवणे किंवा अचानक उद्भवलेली तातडीची गरज यांखेरीज सरहद्दीपलीकडील मोहिमेसाठी हिंदुस्थानचा महसूल वापरायचा असेल, तर ब्रिटिश संसदेची संमती आवश्यक होती. ती फेब्रुवारी १८८६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून राज्य खालसा झाल्यावर मागितली गेली. ज्यांचा पैसा होता, त्या हिंदी लोकांना तर कोणी विचारलेच नाही. तरीही त्यांनी मत दिले: डिसेंबर १८८५ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, पहिल्याच अधिवेशनाने उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याविषयी नापसंतीचा ठराव केला आणि खालसा करायचाच असेल, तर तो प्रदेश हिंदुस्थानच्या कारभाराला जोडू नये, असेही सुचवले. खालसा केल्याची घोषणा त्यानंतर अवघ्या काही दिवसांत झाली. या ठरावाचा उल्लेख शाळांतून व्हावा, असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या सार्वजनिक जीवनाच्या आरंभीच युद्धाची कारणे विचारण्याची परंपरा आहे, हे त्यातून कळते.

हीच परंपरा १९३९ मध्ये दिसते. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील कोणत्याही लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. काँग्रेस कार्यकारिणीने १४ सप्टेंबरच्या ठरावात नाझी आक्रमणाचा निषेध केला आणि त्याच ठरावात ब्रिटनने आपली युद्धोद्दिष्टे स्पष्ट सांगावीत, अशी मागणी केली. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) आणि रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर त्यांत होते. येथे शत्रू कोण आहे याविषयी शंका नव्हती. आमच्या नावाने युद्ध पुकारण्याचा अधिकार कोणाचा, आणि ते कशासाठी, एवढेच विचारले गेले होते. कारणे विचारणारा माणूस शत्रूचा पक्ष घेतो, असा आरोप ज्यांच्यावर होतो, त्यांनी हे उदाहरण जरूर सांगावे.

२००३ मध्ये भारतासमोरही प्रश्न आला. इराकमध्ये भारतीय सैन्याची तुकडी पाठवावी, अशी अमेरिकेची विनंती होती. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना सैन्य पाठवता येणार नाही, असा निर्णय वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ रोजी जाहीर केला. युद्धात न उतरण्याच्या निर्णयाचीही कारणे असतात आणि त्यांचीही अशीच तपासणी करता येते. नवख्या मंडळाने तर येथूनच सुरुवात केली तरी चालेल, कारण कागदपत्रे आपल्या परिचयाच्या संस्थांची आहेत.

चौकशी अहवाल कसे वाचावेत

युद्ध संपल्यावर चौकशा होतात आणि त्यांचे अहवाल जाडजूड असतात. इराक युद्धाविषयीची ब्रिटनमधील चिलकॉट चौकशी २००९ मध्ये नेमली गेली आणि तिचा १२ खंडांचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. तो इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. सारा वाचण्याची गरज नाही. आधी चौकशीला कोणता प्रश्न विचारण्याची मुभा होती, ते पाहावे. सिनेट समितीच्या २००४ च्या अहवालाने गुप्तवार्ता चुकीची का ठरली, एवढेच तपासले होते. राज्यकर्त्यांनी तिचा वापर कसा केला, हा भाग पुढे ढकलला गेला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला अहवाल वाचून ‘राज्यकर्ते निर्दोष ठरले’ असे म्हणणाऱ्याने तो प्रश्न तेथे विचारलेलाच नव्हता, हे ध्यानात घेतलेले नसते.

त्यानंतर अहवालाच्या निष्कर्षांपेक्षा त्याला जोडलेल्या मूळ कागदांकडे वळावे. चिलकॉटने प्रसिद्ध केलेल्या कागदांत पंतप्रधान ब्लेअर यांनी २८ जुलै २००२ रोजी बुश यांना पाठवलेली टिपणी आहे. काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर असेन, असे तिच्या आरंभीच म्हटले आहे. त्याआधी पाच दिवस, २३ जुलैला, ब्लेअर यांच्या निवासस्थानी झालेल्या बैठकीचे टिपण २००५ मध्ये वर्तमानपत्रात फुटले. वॉशिंग्टनमध्ये धोरणाला जुळेल अशा रीतीने माहिती आणि तथ्ये बसवली जात आहेत, असे ब्रिटिश गुप्तचर प्रमुखांचे निरीक्षण त्यात नोंदलेले आहे. या दोन तारखा डाव्या रकान्यात लिहाव्यात आणि उजव्या रकान्यातील सप्टेंबरची पुस्तिका व नोव्हेंबरचा सुरक्षा परिषदेचा १४४१ क्रमांकाचा ठराव यांच्याशी ताडून पाहावे. क्रमाचा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो. टिपणीत पुढे ब्लेअर यांनी अटी आणि अडचणीही मांडल्या होत्या, हे मात्र संपूर्ण कागद वाचल्याशिवाय कळत नाही, आणि एकाच वाक्यावर निकाल देणारा वाचक दुसऱ्या बाजूच्या हाती सहज सापडतो. चिलकॉटचा निष्कर्ष असा होता की, शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच ब्रिटन युद्धात उतरला, त्या वेळी युद्ध हा अखेरचा उपाय नव्हता, आणि धोका ज्या खात्रीने मांडला गेला, त्या खात्रीला आधार नव्हता.

राजीनामेही वाचावेत. ब्रिटिश मंत्री रॉबिन कुक यांनी १७ मार्च २००३ रोजी राजीनामा देऊन संसदेत केलेले भाषण पाहावे. सर्वसाधारणपणे समजल्या जाणाऱ्या अर्थाने इराककडे महासंहारक अस्त्रे बहुधा नाहीत, असे त्यांनी युद्धापूर्वीच सांगितले होते. आतल्या माणसाने पद सोडताना दिलेले कारण हा त्या दिवशीच्या माहितीचा फार मोलाचा पुरावा असतो. ‘तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते’ हे विधान त्यामुळे टिकत नाही.

मंडळात काम करताना

आपल्या गावांत माजी सैनिक आहेत, आखातात राबलेली माणसे आहेत, त्यांच्या घरातील म्हातारी माणसे आहेत. चर्चेला त्यांना अवश्य बोलवावे. परंतु सुरुवातीलाच स्पष्ट करावे की, येथे सैनिकाच्या कर्तव्याची तपासणी होणार नाही, निर्णय घेणाऱ्यांची होणार आहे. कुवेतमधून परतलेला एखादा काका सद्दामच्या सैन्याविषयी जे सांगेल, ते आदराने ऐकावे आणि १९९० च्या पानावर लिहावे. ते २००३ च्या कारणांचा पुरावा म्हणून वापरू नये.

एका सदस्याकडे सरकारची बाजू शक्य तितक्या ताकदीने मांडण्याचे काम द्यावे आणि दर बैठकीला ते काम दुसऱ्याकडे जावे. शेवटी निष्कर्ष लिहिताना खोटेपणा, स्वतःची फसवणूक आणि प्रामाणिक चूक यांत भेद करावा. दावा करणाऱ्याला तो खोटा असल्याचे त्या दिवशी ठाऊक होते, असा कागद हाती असेल तरच खोटेपणा म्हणावे. बहुतेक वेळा पुरावा मधल्या प्रकाराकडे बोट दाखवतो: आधी मन ठरलेले असते आणि मग त्याला पोषक तेवढेच पाहिले जाते. प्रत्येक विधानापुढे ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ किंवा ‘अनिर्णित’ यांपैकी एक शब्द आणि तारीख लिहावी.

तारीख लिहायची ती एवढ्यासाठी की कागद उशिरा खुले होतात. ४ ऑगस्ट १९६४ रोजी तोंकिनच्या आखातात अमेरिकन युद्धनौकांवर दुसरा हल्ला झाला, या बातमीवर तीनच दिवसांत अमेरिकन सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी राष्ट्राध्यक्षांना व्हिएतनाममध्ये बळ वापरण्याचा अधिकार दिला. तो हल्ला झालाच नव्हता, हे दाखवणारे अमेरिकन संकेत-गुप्तचर संस्थेच्या स्वतःच्या इतिहासकाराचे लेखन २००५ मध्ये खुले झाले. १९७० च्या दशकात एखाद्या मंडळाने या हल्ल्यापुढे ‘अनिर्णित’ असे लिहिले असते, तर ते त्या वेळच्या पुराव्यानुसार योग्यच ठरले असते. मंडळाची वही वाचनालयाच्या कपाटात ठेवावी, आणि नवा कागद खुला होईल तेव्हा जुनी नोंद न खोडता तिच्याखाली नवी नोंद करावी.